कॉम्प्युटरला इंग्रजीसुद्धा येत नाही

गैरसमज: “मराठीत टाइप केलं तरी आत सगळं इंग्रजीच असतं हो!”

अकलूजमध्ये कॉम्प्युटर क्लास असो, झेरॉक्सचं दुकान असो की दाखल्यांची रांग, हे वाक्य कानावर पडतंच. पाठोपाठ सल्लाही ठरलेला: पोराला कॉम्प्युटर यायचा तर इंग्रजी माध्यमातच घाला.

वस्तुस्थिती: आत इंग्रजी नसतं आणि मराठीही नसतं. असतात विजेच्या दोन पातळ्या. त्यांना आपण ० आणि १ म्हणतो. दशमान पद्धतीत डावीकडे सरकताना स्थानाची किंमत दहापट होते, द्विमान पद्धतीत दुप्पट: १, २, ४, ८, १६... अक्षरांना फक्त क्रमांक दिलेले असतात. इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५, म्हणजे ६४ + १, द्विमानात १०००००१. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यात ‘अ’चा क्रमांक २३०९, म्हणजे २०४८ + २५६ + ४ + १, द्विमानात १००१०००००१०१. यात भाषांतर कुठे आलं?

‘अकलूज’ म्हणजे अ, क, ल, दीर्घ ऊकार आणि ज असे पाच क्रमांक. क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना १५ बाइट लागतात, रोमन लिपीतल्या नावाला ५. मराठीला जागा जास्त लागते खरी, पण म्हणून ती आत इंग्रजी होत नाही.

या समजाचं मूळ जुन्या फॉन्टांत आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसे आणि लोक म्हणत, बघा! युनिकोडमध्ये मात्र १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. शंका असेल त्यांनी युनिकोडचा देवनागरी तक्ता पाहावा, तो फुकट मिळतो. प्रोग्रॅममधले ‘इफ’, ‘व्हाइल’ हे शब्द इंग्रजी आहेत, कबूल. पण ते लिहिणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. यंत्रापर्यंत पोचेस्तोवर त्यांचेही आकडेच होतात.

आणखी काही समज:

“० म्हणजे वीज बंद.” बहुतेक सर्किटांत ० म्हणजे कमी व्होल्टेज, १ म्हणजे जास्त.

“द्विमानाशिवाय कॉम्प्युटर अशक्य.” १९४५ साली पूर्ण झालेला एनिॲक दशमान होता, मॉस्को विद्यापीठातला १९५८चा सेतुन त्रिमान.

“कॉम्प्युटरचं गणित पिंगलाचं.” त्याच्या छंदःशास्त्रातली लघु-गुरूंची मांडणी द्विमानाच्या फार जवळ जाते, पण आजच्या यंत्रांमागे लायब्निट्सचा १७०३चा लेख आणि क्लॉड शॅनन यांचा १९३७चा प्रबंध आहे.

“कॉम्प्युटरसाठी संस्कृत सर्वोत्तम, असं नासाच म्हणते.” तो नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज या संशोधकाचा ‘एआय मॅगझिन’मधला १९८५चा लेख. एका माणसाचं मत म्हणजे संस्थेचा ठराव नव्हे.