एज ऑफ एम्पायर्स २ मधील रश

रश ही एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकीय व्यूहनीती खेळातील प्रारंभिक आक्रमणाची पद्धत आहे. प्रतिस्पर्ध्याची अर्थव्यवस्था आणि संरक्षण उभे राहण्यापूर्वीच थोडक्या सैन्यानिशी त्याच्या वसाहतीवर चाल करून जाणे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय. रशमुळे सामना तेथेच निकाली निघेल अशी अपेक्षा सहसा नसते. प्रतिस्पर्ध्याच्या गावकऱ्यांचे काम खंडित करणे, त्याची प्रगती लांबवणे आणि त्या काळात स्वतः पुढे जाणे, हा तिचा नेहमीचा उद्देश असतो. त्यामुळे सैनिकी डावपेच म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत मूलतः आर्थिक स्वरूपाची आहे.

एज ऑफ एम्पायर्स २ हा खेळ एन्सेंबल स्टुडिओज या अमेरिकन कंपनीने तयार केला व मायक्रोसॉफ्टने १९९९ साली 'द एज ऑफ किंग्ज' या उपशीर्षकासह प्रकाशित केला. 'द कॉन्करर्स' हा त्याचा विस्तार २००० साली, एचडी आवृत्ती २०१३ साली आणि 'डेफिनिटिव्ह एडिशन' ही नवी आवृत्ती २०१९ साली आली. संसाधनांच्या किमती आणि सैनिकांचे गुणधर्म यांत आवृत्तीनुसार थोडेफार बदल होत आले असले, तरी रशची मूळ रचना कायम राहिली आहे.

संज्ञेचा उगम

'रश' ही संज्ञा या एका खेळापुरती मर्यादित नाही. संसाधने गोळा करणे, इमारती बांधणे आणि सैन्य उभारणे ही सर्व कामे खेळाडूंनी एकाच वेळी करायची असतात अशा तत्क्षण व्यूहनीती खेळांत ती १९९० च्या दशकात रूढ झाली. १९९८ च्या स्टारक्राफ्ट या खेळातील झर्ग जमातीचे स्वस्त व चपळ सैनिक झुंडीने पाठवण्याच्या डावामुळे 'झर्ग रश' हा शब्दप्रयोग विशेष प्रसिद्ध झाला. एज ऑफ एम्पायर्सच्या १९९७ मधील पहिल्या भागातही टूल एज या दुसऱ्या युगात आक्रमण करण्याच्या पद्धतीला 'टूल रश' म्हटले जाई. दुसऱ्या भागात याच धर्तीवर ड्रश, फ्लश, ट्रश अशी जोडनावे तयार झाली. डार्क एजमधील रश तो ड्रश, फ्यूडल एजमधील रश तो फ्लश आणि टॉवर म्हणजे बुरुजांच्या साहाय्याने केलेला रश तो ट्रश होय.

पार्श्वभूमी

खेळात डार्क एज, फ्यूडल एज, कॅसल एज आणि इम्पीरियल एज अशी चार युगे आहेत. प्रमाण सामन्यात बहुतेक संस्कृतींच्या खेळाडूला आरंभी एक टाउन सेंटर, ३ गावकरी, १ टेहळणी घोडेस्वार आणि २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोने व २०० दगड एवढी सामग्री मिळते. एक गावकरी तयार करण्यास ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. डार्क एजमधून फ्यूडल एजमध्ये जाण्यासाठी ५०० अन्न व १३० सेकंद, तर तेथून कॅसल एजमध्ये जाण्यासाठी ८०० अन्न, २०० सोने व १६० सेकंद खर्ची पडतात. युगबदल चालू असताना टाउन सेंटरमध्ये नवे गावकरी तयार होत नाहीत. म्हणजे फ्यूडल एजमध्ये जाताना प्रत्यक्ष अन्नाखेरीज सुमारे ५ गावकऱ्यांचा वेळही खर्च होतो.

संपूर्ण डार्क एजमध्ये खेळाडूची संपत्ती म्हणजे त्याचे गावकरी. मेंढ्या, रानडुकरे, फळझुडपे व हरणे यांपासून अन्न मिळवणे, झाडे तोडणे आणि खाणींतून सोने व दगड काढणे ही कामे तेच करतात. लाकूडतोडीची जागा आणि सोन्याची खाण टाउन सेंटरपासून काही अंतरावर असल्याने तेथील गावकऱ्यांना टाउन सेंटरच्या बाणांचे संरक्षण लाभत नाही. रशचे पहिले लक्ष्य बहुधा हीच ठिकाणे असतात.

वेळेचे गणित

रशची वेळ गावकऱ्यांच्या संख्येवरून ठरवली जाते. घोडेस्वारांच्या प्रचलित रशमध्ये २० गावकरी झाल्यावर फ्यूडल एजकडे प्रयाण केले जाते. आरंभीचे ३ गावकरी वगळता उरलेल्या १७ जणांना ४२५ सेकंद लागतात. गावकऱ्यांना अधिक टणक करणाऱ्या 'लूम' या सुधारणेचे २५ सेकंद मिळवल्यास हा काळ ४५० सेकंद, म्हणजे ७ मिनिटे ३० सेकंद होतो. त्यात युगबदलाचे १३० सेकंद मिळवता ९ मिनिटे ४० सेकंदांनी खेळाडू फ्यूडल एजमध्ये पोहोचतो.

याउलट, सैन्य न उभारता थेट कॅसल एज गाठू पाहणारा खेळाडू २७ गावकऱ्यांनंतर फ्यूडल एजकडे निघाला आणि मध्ये आणखी २ गावकरी तयार करून पुढे गेला, तर याच हिशेबाने तो १६ मिनिटे ५ सेकंदांनी कॅसल एजमध्ये दाखल होतो. या दोन क्षणांमध्ये सुमारे साडेसहा मिनिटांचे अंतर आहे. तेवढ्या अवधीत पहिल्या खेळाडूजवळ सैन्य असते आणि दुसऱ्याजवळ नसते. रश हा या अवधीचा उपयोग होय. दुसरा खेळाडू कॅसल एजमध्ये पोहोचून नाइट हे बलाढ्य घोडेस्वार तयार करू लागला, की आधीच्या युगातील सैन्याचे महत्त्व झपाट्याने घटते.

वरील वेळा टाउन सेंटर एक क्षणही रिकामे न राहिल्यास लागू होतात. प्रत्यक्षात थोडा उशीर होतो. हा काळ खेळातील घड्याळाचा आहे. डेफिनिटिव्ह एडिशनच्या प्रमाण गतीत ते घड्याळ प्रत्यक्ष वेळेच्या १.७ पट वेगाने चालते.

प्रमुख प्रकार

ड्रश : यात डार्क एजमध्येच १७५ लाकडांची बराक बांधून साधारणपणे ३ मिलिशिया हे पायदळ सैनिक पाठवले जातात. गावकरी मारण्यापेक्षा त्यांना पळवत ठेवणे आणि प्रतिस्पर्ध्याला विचलित करणे हे त्यांचे काम असते. युगबदलापूर्वीच अन्न व सोने सैन्यावर खर्च होत असल्याने आक्रमकाची स्वतःची प्रगतीही काहीशी मंदावते.

मॅन-ॲट-आर्म्स रश : फ्यूडल एजमध्ये पोहोचताच आधी तयार ठेवलेल्या मिलिशियांचे श्रेणीवर्धन केले जाते. हे सैनिक लाकडी कुंपण व घरे फोडू शकतात आणि गावकऱ्यांच्या प्रतिकाराला सहसा दाद देत नाहीत. मात्र ते घोडेस्वारांपेक्षा संथ असल्याने तिरंदाजांना त्यांच्यापासून दूर राहून मारा करता येतो.

घोडेस्वारांचा रश : यात तबेल्यात टेहळणी घोडेस्वार तयार केले जातात. प्रत्येकाची किंमत ८० अन्न असून त्यांना सोने लागत नाही, त्यामुळे सोन्याचा साठा पुढील युगासाठी शिल्लक राहतो. एका ठिकाणचे गावकरी आश्रयाला गेले, की काही सेकंदांत दुसऱ्या ठिकाणी हल्ला चढवणे या सैन्याला त्याच्या वेगामुळे शक्य होते. भालाईत हा त्यांचा स्वस्त व प्रभावी प्रतिकार होय.

तिरंदाजांचा रश : प्रत्येक तिरंदाजाला २५ लाकूड व ४५ सोने लागते. सुरुवातीची तयारी सावकाश होते. परंतु तिरंदाजांची संख्या वाढली, की कुंपणामागील गावकरीही सुरक्षित राहत नाहीत. स्कर्मिशर हे ढालधारी भालाफेके त्यांच्याविरुद्ध उपयोगी पडतात.

ट्रश : काही गावकरी पुढे नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या सोन्याच्या खाणीजवळ किंवा लाकूडतोडीच्या जागी टेहळणी बुरूज बांधला जातो. प्रत्येक बुरुजाला १२५ दगड लागत असल्याने आरंभीच्या २०० दगडांत एकच बुरूज होतो. पुढील बुरुजांसाठी दगड खणावा लागतो. सर्व प्रकारांत हा सर्वाधिक जोखमीचा मानला जातो, कारण आक्रमकाचे कामकरी गावकरीच आघाडीवर असतात.

खर्च आणि लाभ

रशचे यश केवळ मारलेल्या गावकऱ्यांच्या संख्येवरून मोजता येत नाही. शेती किंवा लाकूडतोड करणारा गावकरी मिनिटाला साधारण २० एकके संसाधने जमवतो असे धरल्यास, ८ लाकूडतोडे अर्धा मिनिट टाउन सेंटरमध्ये दडून बसले तर ४ गावकरी-मिनिटांचे, म्हणजे सुमारे ८० एककांचे नुकसान होते. एका टेहळणी घोडेस्वाराची किंमत तेवढीच आहे. म्हणजे एकही गावकरी न मारता केवळ त्यांना एकदा आश्रय घ्यायला लावूनही त्या घोडेस्वाराचा खर्च भरून निघतो.

गावकरी मारला गेल्यास हानी अधिक असते. अकराव्या मिनिटाला मेलेला गावकरी सोळाव्या मिनिटापर्यंत सुमारे १०० एकके जमवू शकला असता. त्याची जागा भरण्यासाठी ५० अन्न आणि टाउन सेंटरचे २५ सेकंदही द्यावे लागतात.

हाच हिशेब आक्रमकालाही लागू होतो. ६ घोडेस्वारांसाठी ४८० अन्न लागते आणि कॅसल एजसाठी लागणाऱ्या ८०० अन्नाच्या निम्म्याहून ते अधिक आहे. त्यांना भक्कम कुंपणाबाहेर घुटमळत राहावे लागले किंवा ते भालाईतांच्या तावडीत सापडले, तर आक्रमक स्वतःच मागे पडतो. शिवाय सैन्य हाताळण्याच्या नादात स्वतःच्या टाउन सेंटरकडे दुर्लक्ष होणे ही नवशिक्या खेळाडूंची सामान्य चूक आहे. आक्रमण चालू असताना घरचे गावकरी अखंड तयार करत राहणे हे या पद्धतीतील सर्वांत कठीण कौशल्य मानले जाते.

बचाव

बचावाचा पाया टेहळणी हा आहे. प्रतिस्पर्ध्याकडे बराक केव्हा उभी राहिली, त्यापुढे तबेला बांधला गेला की तिरंदाजीचे मैदान, हे आरंभीच्या घोडेस्वाराकडून कळल्यास योग्य सैनिक वेळेत तयार करता येतात. लाकडी कुंपण, घरे व इतर इमारती यांची सलग रांग करून प्रवेशाच्या वाटा बंद करणे हा दुसरा उपाय होय. हल्ला सुरू झाल्यावर ऐनवेळी गावकऱ्यांभोवती कुंपणाचे तुकडे उभारण्याच्या कृतीला 'क्विक वॉल' असे म्हणतात.

टाउन सेंटरमध्ये १५ जण आश्रय घेऊ शकतात आणि आत शिरलेल्या गावकऱ्यांमुळे तेथून सुटणाऱ्या बाणांची संख्या वाढते. तथापि सर्व गावकऱ्यांना घंटा वाजवून आत बोलावणे बहुधा तोट्याचे ठरते, कारण त्यामुळे धोका नसलेली कामेही थांबतात. ज्यांच्यावर हल्ला झाला आहे तेवढ्यांनाच हलवणे आणि इतरांना कामावर ठेवणे अधिक हितावह असते. डेफिनिटिव्ह एडिशनमधील 'आर्ट ऑफ वॉर' या सराव विभागात रशपासून बचाव हा स्वतंत्र विषय आहे.

नकाशा आणि संस्कृती

नकाशाच्या रचनेवर रशची उपयुक्तता अवलंबून असते. 'अरेबिया' हा खुला नकाशा असल्याने त्यावर फ्यूडल एजमधील चढाई जवळजवळ नेहमीची आहे. 'अरीना' या नकाशावर प्रत्येक वसाहतीभोवती आरंभापासून दगडी तट असल्याने तेथे खेळाडू सहसा कॅसल एजपर्यंत थांबतात. जलप्रधान नकाशांवर लढाऊ नौकांनी मासेमारी बोटींवर हल्ला केला जातो.

काही संस्कृतींचे गुणधर्म या पद्धतीस विशेष अनुकूल आहेत. मंगोलांचे शिकारी जलद काम करतात, त्यामुळे त्यांना अन्न लवकर मिळते. हूणांना घरे बांधावी लागत नाहीत. मायांचे तिरंदाज स्वस्त असतात. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारात आलेल्या द्रविड संस्कृतीला प्रत्येक युगबदलानंतर २०० लाकूड मिळते, तर गुर्जरांना फ्यूडल एजमध्येच उंटस्वार उपलब्ध होतात. इंका संस्कृतीच्या गावकऱ्यांना पूर्वी लोहारशाळेतील सुधारणांचा लाभ फ्यूडल एजपासून मिळत असे. त्यामुळे त्यांचा ट्रश थोपवणे अवघड झाले होते. पुढे निर्मात्यांनी हा लाभ कॅसल एजपासून लागू केला.

व्यूहनीतीतील स्थान आणि मतभेद

व्यूहनीती खेळांत रश, बूम आणि टर्टल असे तीन मूलभूत पवित्रे मानले जातात. बूम म्हणजे सैन्य टाळून अर्थव्यवस्था वाढवणे आणि टर्टल म्हणजे भक्कम तटबंदीत राहणे. सर्वसाधारणपणे रश हा बूमवर, बूम हा टर्टलवर आणि टर्टल हा रशवर मात करतो. रशची शक्यता नाहीशी झाल्यास सैन्यावर खर्च न करणाऱ्यालाच नेहमी लाभ होईल आणि तीन पर्यायांमधील हा तोल ढळेल.

तरीही रशविषयी खेळाडूंमध्ये मतभेद आहेत. मोठी नगरे, किल्ले आणि अंतिम युगातील प्रचंड सैन्ये यांसाठी खेळणाऱ्यांना दहाव्या मिनिटाचा हल्ला रसभंग करणारा वाटतो. इंटरनेटवरील अनौपचारिक सामन्यांत ठरावीक मिनिटांपर्यंत आक्रमण न करण्याचा करार खेळाडू आपसांत करत आले आहेत. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये असा तह सामन्याच्या नियमांतच समाविष्ट करण्याची सोय आहे. स्पर्धात्मक खेळात मात्र असे बंधन सामान्यतः नसते. तेथे प्रत्यक्ष हल्ला झाला नाही, तरी तो होऊ शकतो या शक्यतेमुळेच दोन्ही बाजूंना कुंपण, टेहळणी आणि थोडे सैन्य यांवर खर्च करावा लागतो.