‘वेपिंग’ : पालकांनी ओळखून घ्यावे असे व्यसन

तासगाव म्हटले की द्राक्षे व बेदाणा आठवतो, आणि त्यापाठोपाठ आर. आर. पाटील. तासगाव तालुक्यातील अंजनी या लहान गावातून पुढे आलेले ‘आबा’ राज्याचे गृहमंत्री व उपमुख्यमंत्री झाले. त्यांना तंबाखूची सवय होती, हे सर्वश्रुत होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी, मुखाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तंबाखू काय करते, हे या तालुक्यातील पालकांना वेगळे सांगावे लागत नाही. पुडी, चुना, पिचकारी या खुणा आपल्या परिचयाच्या आहेत. परंतु मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखी एखादी वस्तू सापडली आणि खोलीत आंब्याचा वा द्राक्षाचा गोड वास आला, तर आपल्यापैकी कितीजणांना तंबाखूची शंका येईल?

ही वस्तू म्हणजे ई-सिगारेट. ती ओढणे म्हणजे ‘वेपिंग’. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास ती तयार केली. आत बॅटरी, तापणारी तार व द्रव असतो. या द्रवात बहुधा निकोटिन, ग्लिसरीनसारखे पदार्थ व कृत्रिम स्वाद असतात. बाहेर पडते ती केवळ पाण्याची वाफ, असा मुलांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नव्या प्रकारांत निकोटिन क्षाररूपात असल्याने घशाला झोंबत नाही. पहिल्या विडीने येणारा ठसका अनेकांना वाचवीत असे. येथे तोही नाही! मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून निकोटिनची पकड कोवळ्या वयात लवकर बसते.

जळत्या तंबाखूचे डांबर यात नसते, हे खरे. परंतु ज्याने कधी सिगारेट ओढलेलीच नाही, त्या चौदा वर्षांच्या मुलाला या तुलनेचा काय उपयोग? अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपिंगमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०० हून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले व ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजातील घटक मिसळलेला द्रव वापरला होता. भेसळीतील व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे मुख्यतः बोट दाखविले गेले. चोरून घेतलेल्या द्रवात काय आहे, हे ओढणाऱ्यालाही ठाऊक नसते.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ साठ्यासाठी शिक्षा याहून कमी आहे. मात्र आबा गृहमंत्री असतानाच, २०१२ मध्ये, राज्यात गुटखाबंदी झाली. तरीही गुटखा मिळतोच, हे आपण पाहतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडून २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री थांबविली, ती विकणाऱ्याचीही जबाबदारी ओळखूनच.

ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. म्हणून मुलाला मदत मागताना पालकांनी पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नये. निकोटिन न मिळाल्यास चिडचिड, बेचैनी व निद्रानाश संभवतो. आपण त्याला उद्धटपणा समजून हात उगारतो, आणि मुलगा अधिक लपवू लागतो. त्यापेक्षा ती वस्तू समोर ठेवून, ती कोणी दिली व किती दिवसांपासून चालू आहे, एवढेच शांतपणे विचारावे. व्यसन सोडण्यासाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे; पालकांनी मुलाला शेजारी बसवून तेथे बोलावे.