तोरखमच्या सीमेवर दोन थेंब

ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तानने कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी लोकांना 1 नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितले. तेव्हापासून लाखो अफगाण तोरखम आणि स्पिन बोल्दकमार्गे मायदेशी परतले. दाटीवाटीचे तंबू, अपुरे पाणी, कुपोषण. अशा ठिकाणी गोवर आणि जुलाब झपाट्याने पसरतात. पोलिओने तर आज याच दोन देशांत ठाण मांडले आहे. म्हणून सीमेवरच मुलांना पोलिओचे थेंब आणि गोवरची लस दिली जाते.

साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. पण ज्यांना निघणे भागच पडले, त्यांचे काय? त्यांच्यावर रोगाचा ठपका न ठेवता लस, स्वच्छ पाणी आणि आसरा पुरवणे, हेच उम्मतचे कर्तव्य आहे, असे आम्हाला वाटते.