जमिनीत वीज सोडून खारं पाणी कसं शोधतात?

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीत किंवा आसपासच्या गावांत शेतात बोअर मारायचा ठरला की पहिला प्रश्न येतो : पॉइंट कोण काढणार? कुणी हातावर नारळ ठेवणाऱ्या पाणाड्याला बोलावतं, तर कुणी 'मशीनवाल्या'ला.

हे मशीन म्हणजे बहुतेक वेळा जमिनीची विद्युत रोधकता मोजणारं यंत्र. धानपट्ट्यात त्याच्यापुढचा प्रश्न साधा असतो : पाणी आहे का? समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण कोकण किनाऱ्यावर याच पद्धतीला दुसराच प्रश्न सोडवावा लागतो : पाणी तर आहे, पण ते गोडं आहे की खारं?

खारं पाणी विहिरीत येतं कसं?

किनाऱ्याजवळ जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी वर असतं आणि समुद्राचं खारं पाणी खाली. खारं पाणी थोडं जड असल्यामुळे गोडं पाणी त्यावर तरंगतं. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम यासाठी वापरतात. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी मिळू शकतं.

आता हा हिशोब उलटा करा. सतत उपसा करून ती पातळी 1 मीटरने खाली गेली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 मीटरपर्यंत वर सरकू शकतं. प्रत्यक्षात खडकानुसार आकडे बदलतात, पण धोका तोच राहतो.

आणि बिघाड व्हायला फार खारं पाणी लागत नाही. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात, दुसरा स्रोत नसेल तर, जास्तीत जास्त 2 ग्रॅम क्षार चालतात, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे 100 लिटरच्या पिंपात समुद्राचं पाच-सहा लिटर पाणी मिसळलं, तरी ती मर्यादा गाठली जाते.

मशीन नेमकं काय करतं?

एका सरळ रेषेत लोखंडाच्या चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये विद्युतदाब मोजतात. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे कामाला येतो. दाब आणि प्रवाह कळला की जमीन विजेला किती अडवते, हे काढता येतं. फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जे यांनी 1912 च्या सुमारास असे प्रयोग सुरू केले होते.

बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब नेऊ, तितकी वीज खोल जाते. त्यामुळे न खोदताच थरांचा अंदाज येतो. हल्ली एकाच केबलला अनेक खुंट्या जोडून जमिनीचा उभा छेदच संगणकावर काढतात.

क्षार विरघळलेलं पाणी वीज सहज वाहून नेतं. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे 0.2 ओहम-मीटर असते. गोड्या पाण्याची साधारण 10 ते 100, तर कोरड्या जांभ्याची शेकडो किंवा त्याहून जास्त. म्हणून नकाशावर अगदी कमी रोधकतेचा पट्टा दिसला की खाऱ्या पाण्याची शंका येते.

सिंधुदुर्गात मालवण परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशी सर्वेक्षणं केली आहेत. त्यांनी विजेच्या मोजणीला भूजलाच्या रासायनिक तपासणीची जोड दिली.

जोड कशाला हवी?

कारण मशीन मीठ मोजत नाही, फक्त रोधकता मोजतं. ओली चिकणमातीही वीज चांगली वाहून नेते. त्यामुळे गोड्या पाण्याचा चिकणमातीचा थर नकाशावर खाऱ्या पाण्यासारखा दिसू शकतो. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासल्याशिवाय निकाल पक्का होत नाही.

हे विदर्भालाही लागू आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा समुद्रापासून दूर आहे, तरी तिथलं भूजल खारं आहे. आणि तिथल्या गाळात चिकणमातीचे थरही आहेत.

मग उपयोग काय?

कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण बरंचसं पाणी वाहून समुद्रात जातं. उन्हाळ्यात उपसा वाढतो. एकदा झऱ्यात खारं पाणी शिरलं की ते मागे हटायला अनेक वर्षं लागू शकतात. एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात विहीर पुन्हा गोडी होईलच असं नाही.

म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागी मोजणी केली, तर खाऱ्या पाण्याची सीमा किती सरकली ते कळतं. बोअर कुठे मारू नये, किती खोल जाऊ नये आणि उपसा कधी थांबवावा, हे त्यावरून ठरवता येतं.

मोहाडीचा शेतकरी मशीनवाल्याला विचारतो, "पाणी किती फुटावर लागेल?" किनाऱ्यावरच्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा : "किती फुटावर थांबू?"