मद्याविना अ‍ॅपेरिटिफ : ओळख आणि सावधगिरी

जेवणापूर्वी भूक चाळवण्यासाठी थोडेसे कडसर पेय घेण्याची प्रथा इटली व फ्रान्समध्ये जुनी आहे. ‘उघडणे’ या अर्थाच्या ‘अपेरीरे’ या लॅटिन क्रियापदावरून त्या पेयास ‘अ‍ॅपेरिटिफ’ हे नाव मिळाले. ही पेये बहुधा वाइनमध्ये किंवा मद्यार्कात मुळ्या, साली व फुले भिजवून केली जातात आणि कॉकटेलमध्येही वापरली जातात. अलीकडे त्यांचे मद्यविरहित प्रकारही बाजारात आले आहेत. ते काय असतात आणि घेताना कोणती दक्षता घ्यावी, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

ही कल्पना अगदी नवी नाही. इटलीत ‘सॅनबिटर’ व ‘क्रोडिनो’ ही मद्यविरहित कडसर पेये १९६० च्या दशकापासून विकली जातात. क्रोडिनोला पिएमाँत प्रांतातील क्रोदो गावाचे नाव लाभले आहे. इंग्लंडमध्ये बेन ब्रॅन्सन यांनी २०१५ साली ‘सीडलिप’ हे ऊर्ध्वपातित पेय बाजारात आणले. त्यांना प्रेरणा मिळाली ती जॉन फ्रेंच यांच्या ऊर्ध्वपातनावरील १६५१ च्या ग्रंथातून. २०१९ मध्ये ‘दियाजिओ’ या मोठ्या मद्यकंपनीने सीडलिपमधील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला.

या पेयांचा प्राण म्हणजे कडूपणा. जेन्शनचे मूळ, संत्र्याची साल व सिंकोनाची साल ही त्याची प्रसिद्ध साधने. आपल्याकडे तापावर दिले जाणारे काडेचिराईत जेन्शनच्याच कुळातले. सिंकोनाची साल सतराव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी युरोपात पोहोचवली, म्हणून तिला ‘येशूसंघीयांची साल’ असेही म्हटले जाई. कडू चवीने तोंडाला पाणी सुटते. शिवाय कडू पेय घटाघटा पिता येत नाही, ते घोटाघोटाने घ्यावे लागते. सरबत आणि अ‍ॅपेरिटिफ यांतील खरा फरक हाच.

मद्य वगळले की तीन गोष्टी उणावतात : सुगंध वाहून नेणारे माध्यम, जिभेवरील भरीवपणा आणि घशातील ऊब. त्यासाठी काही उत्पादक वनस्पती मद्यार्कात भिजवून अर्क काढतात आणि नंतर मद्यार्क वेगळा करतात. मद्यार्क एरवी सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतो. हवेचा दाब कमी केल्यास तो त्याहून कमी तापमानाला निघून जातो व नाजूक सुगंध करपत नाही. भरीवपणासाठी साखर वा ग्लिसरीन आणि उबेसाठी आले किंवा मिरची वापरली जाते. बर्फ, सोडा वा टॉनिक वॉटर आणि संत्र्याची चकती घालून हे पेय देतात. मद्य नसल्याने उघडलेली बाटली फार काळ टिकत नाही. ती शीतकपाटात ठेवून लेबलवर दिलेल्या मुदतीत संपवावी.

आता महत्त्वाची गोष्ट. ‘मद्यविरहित’ म्हणजे नेहमीच शून्य मद्य नव्हे. भारतात २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेयच ‘मद्ययुक्त’ ठरते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या मिलिलिटरपर्यंत मद्यार्क असू शकतो. म्हणून गर्भवती भगिनींनी लेबलवरील आकडा अवश्य पाहावा. काही पेयांत साखरही बरीच असते. मधुमेही बंधुभगिनींनी तीही तपासावी.

व्यसनमुक्तीच्या वाटेवर असलेल्यांसाठी प्रश्न केवळ आकड्याचा नाही. तोच प्याला, तोच रंग आणि तीच चव जुनी ओढ पुन्हा जागी करू शकते. अशा व्यक्तीला हे पेय आपण होऊन देऊ नये. तिने आपल्या समुपदेशकाचा वा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तिने नकार दिल्यास आग्रह करू नये.

एरवी, उपवासकाळात मद्य वर्ज्य करणाऱ्याला, गाडी चालवून घरी परतणाऱ्याला किंवा मुळातच न पिणाऱ्याला शून्य मद्याचा असा प्याला मेजवानीत सर्वांच्या बरोबरीने बसवतो. यजमानांनी तो आधीच तयार ठेवावा आणि न पिण्याचे कारण कोणालाही विचारू नये, एवढीच आमची विनंती आहे.