चोवीस तासांत न मावणारी बारावी

पहाटे साडेपाचला गजर, सहाला क्लासची बॅच, मग कॉलेज, प्रात्यक्षिके, सायंकाळी पुन्हा क्लास आणि रात्री जेवण उरकताच ‘आता बस अभ्यासाला’ हा घरातला आग्रह. शहरातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा दिवस साधारण असा जातो. दहावीचा निकाल लागून अकरावीचा प्रवेश होतो न होतो तोच मोबाइलवर बंधने येतात आणि लग्नकार्ये, सणवार, क्रिकेट यांना दोन वर्षांची रजा मिळते. एवढे करूनही ‘अभ्यास पुरत नाही’ ही पालकांची तक्रार आणि ‘वेळच मिळत नाही’ हे मुलांचे उत्तर कायम असते. यात खरे कोणाचे, हे ठरविण्यापूर्वी त्या दिवसाची साधी बेरीज करून पाहणे उपयुक्त ठरेल.

बेरीज जुळत नाही

कनिष्ठ महाविद्यालयातील तासिका व प्रात्यक्षिके मिळून साडेपाच तास धरू. क्लासचे पाच तास. कल्याण-डोंबिवलीहून दादरला किंवा पिंपरीहून डेक्कनला ये-जा करणाऱ्याचे प्रवासात दोन तास. झाले साडेबारा तास. आंघोळ, जेवणखाण, कपडे-दप्तर यांना अडीच तास आणि झोपेला आठ तास दिले, तर तेवीस तास संपतात. स्वतःच्या अभ्यासाला उरतो जेमतेम एक तास. घरातून अपेक्षा मात्र रोज पाच-सहा तासांच्या अभ्यासाची असते. ती पूर्ण करायची, तर चार-पाच तास कुठून तरी काढणे भाग आहे. कॉलेज आणि झोप या दोनच जागा त्यासाठी शिल्लक राहतात आणि बहुतेक घरांत कात्री तिथेच लागते.

विषय तेच, परीक्षा वेगवेगळ्या

दिवस एवढा भरगच्च होण्याचे मुख्य कारण म्हणजे एकाच अभ्यासक्रमाची वेगवेगळ्या पद्धतींनी होणारी परीक्षा. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची असते आणि त्यासाठी तीन तास मिळतात. म्हणजे एका गुणामागे सुमारे अडीच मिनिटे. तेथे सूत्राची सिद्धता, आकृती आणि मुद्देसूद उत्तर लिहिता यावे लागते. उरलेले ३० गुण प्रात्यक्षिकांचे.

अभियांत्रिकीसाठीच्या राज्याच्या ‘एमएचटी-सीईटी’मध्ये भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला ५४ सेकंद! गणिताच्या ५० प्रश्नांना आणखी ९० मिनिटे मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नांचा सुमारे २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. ‘जेईई मेन’मध्ये २०२५ पासून तीन तासांत ७५ प्रश्न आहेत. तेथे वेळ अधिक मिळतो, पण प्रश्न गुंतागुंतीचे असतात आणि चुकीच्या उत्तराचा गुण वजा होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. तेथेही चूक महागात पडते.

एकीकडे सावकाश, नीटनेटके लिहिण्याची सवय हवी आणि दुसरीकडे मिनिटाच्या आत पर्याय निवडण्याची. दोन्ही कौशल्ये एकाच वर्षात, एकाच मुलाकडून अपेक्षित असतात. वाणिज्य व कला शाखांचे विद्यार्थीही यातून पूर्णपणे सुटलेले नाहीत. सीए फाउंडेशन, विधी आणि व्यवस्थापन पदवीच्या प्रवेश परीक्षा त्यांच्याही वाट्याला येतात.

जानेवारीची कोंडी

वेळापत्रकाचा ताण प्रत्यक्षात कसा येतो, हे २०२५ च्या तारखांवरून दिसते. ‘जेईई मेन’चे पहिले सत्र २२ ते ३० जानेवारीला झाले. राज्य मंडळाची प्रात्यक्षिके २४ जानेवारीला सुरू झाली आणि १० फेब्रुवारीपर्यंत चालली. दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला लेखी परीक्षेचा पहिला पेपर होता. परीक्षा १८ मार्चला संपली. २ एप्रिलपासून ‘जेईई मेन’चे दुसरे सत्र, ९ एप्रिलपासून जीवशास्त्र गटाची आणि १९ एप्रिलपासून गणित गटाची सीईटी, तर ४ मे रोजी ‘नीट’. कॉलेजच्या पूर्वपरीक्षा याच्याही आधीच्या. म्हणजे साधारण डिसेंबर ते मे विद्यार्थी सतत कोणत्या ना कोणत्या परीक्षेच्या तोंडावर उभा असतो. सर्व परीक्षांची तयारी सारख्याच जोराने करू पाहणाऱ्याची दमछाक होते ती इथे.

आधी कॉलेज, मग झोप

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. बारावीत खुल्या गटाला संबंधित विषयांत ४५ टक्के गुण पुरतात. त्यामुळे कॉलेजला दांडी मारणे अनेकांना व्यवहार्य वाटते. मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, तरीही हजेरी कॉलेजात आणि विद्यार्थी क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था फोफावली. तिला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये मुंबई, पुण्यासह काही विभागांतील विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश दिला होता. मात्र बारावीचे गुण गौण मानण्यातही धोका आहे. आयआयटी व एनआयटीच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळवूनही ही पायरी चुकली, तर जागा हातची जाते.

दुसरी कात्री झोपेला. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये केली. या वयात शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते आणि झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. दहा वाजता अंथरुणावर पडूनही मुलाला झोप लागत नाही, याचे कारण प्रत्येक वेळी मोबाइलच असते असे नाही. ‘पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो’ हा घराघरांतला उपदेश रात्री साडेनऊला दिवे मालवणाऱ्या पिढीच्या अनुभवातून आला आहे. रात्री साडेबाराला पुस्तक मिटणाऱ्या मुलाला पहाटे पाचला उठविले, तर उपदेशाचा निम्माच भाग पाळला जातो. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत चालते. झोप कापून वाढविलेला अभ्यास म्हणूनच तोट्यात जातो.

वाचले म्हणजे आले?

तासांइतकाच प्रश्न पद्धतीचा आहे. पुस्तक तीन-चार वेळा वाचले, महत्त्वाच्या ओळी रंगविल्या की अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगळेच चित्र दिसले. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे होते. क्लासमध्ये पाच तास ऐकणे हेही एक प्रकारचे वाचणेच. ऐकलेले कोऱ्या कागदावर उतरविण्याचा वेळ मिळाला नाही, तर परीक्षेत ‘येत होते, पण आठवले नाही’ अशी अवस्था होते. म्हणजे वरच्या बेरजेत जो तास सर्वांत शेवटी उरतो, तोच खरे तर सर्वांत मोलाचा.

आखणी उलटी हवी

म्हणून दिवसाची आखणी शेवटून सुरू करावी. आधी झोपेचे आठ तास बाजूला काढावेत, मग स्वतःच्या अभ्यासाचे आणि उरलेल्या वेळात बसेल एवढाच क्लास निवडावा. घराजवळचा अडीच तासांचा क्लास आणि एकूण तासाभराचा प्रवास धरला, तर साडेपाच तासांचे कॉलेज, आठ तासांची झोप, अडीच तासांची नित्यकर्मे आणि अर्धा तास खेळ एवढे करूनही अभ्यासाला चार तास उरतात. त्यात एक तास त्या दिवशी शिकविलेले न पाहता लिहिण्याला, दोन तास उदाहरणे सोडविण्याला आणि एक तास मागच्या आठवड्याच्या उजळणीला देता येतो. रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि चुकांची वेगळी वही ठेवावी. कोणती प्रवेश परीक्षा मुख्य आणि कोणती दुय्यम, हे अकरावीच्या अखेरीपर्यंत ठरले, तर जानेवारीची कोंडीही बरीच सैल होते.

क्लास निवडताना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वे पालकांनी जरूर पाहावीत. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक क्लास नको, फार पहाटे वा रात्री उशिरा तासिका नकोत, आठवड्याची सुटी हवी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नको, असे त्यांत म्हटले आहे. गुणांनुसार बॅच वेगळ्या करणे आणि चारचौघांत अपमान करणे टाळावे, असे सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले.

जेवण कमी होणे, सतत चिडचिड, मित्रांना टाळणे, ‘माझ्याने होणार नाही’ हे वारंवार बोलणे, ही लक्षणे ‘परीक्षेचे टेन्शन’ म्हणून सोडून देण्याजोगी नाहीत. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. बारावीची परीक्षा पुन्हा देता येते. प्रवेश परीक्षाही पुढच्या वर्षी असतात. सतरा वर्षांच्या मुलाला हे घरातून, निकालाच्या आधीच ऐकायला मिळाले, तर रात्रीची झोप त्याला थोडी लवकर लागेल.