एका गळाला एकच मासा

मुलांनो, नकाशाचं पुस्तक उघडा आणि आपलं कोरपना शोधा. सापडलं? आता समुद्र शोधा. केवढा लांब! पण पैनगंगेवर बोट ठेवा आणि पाण्याबरोबर चालू लागा. पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते. वर्धा पुढं वैनगंगेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या नदीचं दुसरं टोक समुद्रातच आहे की!

नदीकाठी असो की समुद्राकाठी, एक छंद सगळीकडं सारखाच. हातात काठी, काठीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला आमिष, आणि मग वाट बघत बसायचं. गळाला कुणी गरी म्हणतं. कोकणात तर ‘गरवायला जाणं’ असा खास शब्दच आहे. आज या काठीपासून ताटापर्यंतची गोष्ट आपण बघू या. तुमच्या घरी मासे खात नसतील तरी वाचा. यात विज्ञान भरपूर आहे, आणि नदी तर सगळ्यांचीच आहे.

काठी आपल्या रानातली

गळाची काठी कशी हवी? वाकली पाहिजे, पण मोडता कामा नये. मासा हिसका देतो तेव्हा काठी वाकून तो हिसका स्वतः घेते, नाहीतर दोरा तटकन तुटेल. हे काम बांबूइतकं छान करणारं लाकूड नाही. (खरं तर बांबू हे गवत आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच.)

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जो मानवेल बांबू वाढतो, त्याचं शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. तो जवळजवळ भरीव असतो. एकोणिसाव्या शतकात याच जातीचा बांबू कलकत्ता बंदरातून बोटींनी अमेरिकेत जाई. तिथले कारागीर तो उभा चिरून, पट्ट्या एकमेकींना चिकटवून मासेमारीच्या महागड्या काठ्या बनवत. त्याला ते ‘कलकत्ता केन’ म्हणत. पुढं विसाव्या शतकात त्याची जागा चीनमधल्या टोंकिन बांबूनं घेतली, आणि नंतर काचतंतू व कार्बनतंतू आले.

काठी म्हणजे तिसऱ्या प्रकारची तरफ. बुंध्याकडचा हात टेकू, पुढचा हात बल आणि शेंड्याला भार. हात जरासा हलवला की शेंडा कितीतरी जास्त हलतो. परीक्षेत उदाहरण विचारलं तर चिमट्याच्या जोडीला हेही लिहा.

तंगूस, गळ आणि तरंगा

पूर्वी दोरा सुताचा, रेशमाचा, नाहीतर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानं नायलॉन तयार केलं आणि सगळं बदललं. आपला पारदर्शक तंगूस नायलॉनचाच. तो पाण्यात कुजत नाही, हा त्याचा गुण. आणि तो पाण्यात कुजत नाही, हाच त्याचा दोषही! काठावर टाकलेला तंगूस वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि बगळ्या-पाणकोंबड्यांच्या पायात अडकतो. म्हणून तुटलेला तुकडा खिशात घालून घरी आणायचा. हा नियमच समजा.

नायलॉन गुळगुळीत असतं, त्यामुळं साधी गाठ सुटते. तंगूस गळाच्या नेढ्यातून घ्या. त्याचं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग ते टोक नेढ्याजवळच्या पहिल्या फासातून बाहेर काढा. आता गाठ पाण्यानं ओली करा आणि हळूहळू ओढा. ओली कशासाठी? कोरडी गाठ ओढताना घर्षणानं तापते आणि तापलेलं नायलॉन कमजोर होतं.

गळ माणसाच्या फार जुन्या हत्यारांपैकी एक आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री गोगलगाईच्या शिंपल्यापासून घडवलेले गळ सापडले. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत! सिंधू संस्कृतीतले लोक तांब्याचे गळ वापरत. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. त्यामुळं गळ आत सहज जातो, बाहेर सहज येत नाही. मात्र हा काटा पकडीनं दाबून सपाट केला तर माशाला इजा कमी होते आणि लहान मासा पटकन सोडता येतो. तुमच्या बोटात घुसला तरी काढायला सोपा, हा आणखी एक फायदा.

तरंगा विकत आणायची गरज नाही. वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा झकास तरंगतो. तो बुडाला की समजायचं, खाली कुणीतरी आलंय. गळ खाली नेण्यासाठी शिशाचा मणी बांधतात, पण शिसं विषारी असतं. शिशाचे मणी गिळून हंस मरू लागले म्हणून ब्रिटननं १९८७ साली मासेमारीच्या बहुतेक शिसे-वजनांवर बंदी घातली. शिसं दातानं कधीही दाबू नका, हात लावला तर हात धुवा. त्यापेक्षा सायकलचा एखादा जुना नट बांधा. काम तेच होतं.

आणि समुद्रावर? तिथं लाटा दोरा ओढून नेतात, म्हणून वजन जड लागतं. दोरा लांब फेकायचा असतो, म्हणून काठीला रीळ लागतं. काही माशांचे दात तंगूस कापतात, म्हणून गळाजवळ बारीक तार लावतात. आमिष कोळंबीचं, तारलीचं, नाहीतर माकुळाचं. घरी आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्यानं धुवायचं, कारण खारं पाणी लोखंडाला गंजवतं.

माशाचं तोंड बघा

तरंग्यापासून गळ किती खोल सोडायचा? याचं उत्तर माशाच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी चरतो. रोहू मधल्या थरातला. मरळ शिकारी आहे. लहान मासे, बेडक्या खातो आणि हवा घ्यायला अधूनमधून वर येतो. शिंगटीपासून मात्र जपा. तिच्या परांना टोकदार काटे असतात. काटा लागला तर जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि दवाखान्यात जा.

हे सगळं बघून, लिहून ठेवायची आवड आपल्याकडं जुनी आहे बरं का! बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, काठी, दोरा, गळ, आमिष, सगळं त्यात आहे. अन्नपदार्थांवरच्या भागात माशांचे पदार्थही आहेत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा राजा गळ टाकण्याबद्दल लिहितो, आहे की नाही गंमत!

गळाची खरी मोठी गोष्ट

आता मुद्द्याचं. गळाला एका वेळी एकच मासा लागतो. तो हातात येतो, आपण त्याला बघतो आणि ठरवतो की ठेवायचा की सोडायचा. हे ठरवणं फार मोलाचं आहे.

काही लोक नदीच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, सुरुंग लावतात, विजेची तार सोडतात. त्यात मोठे मासे मरतात, पिल्लं मरतात, खेकडे, बेडक्या, किडे, सगळंच मरतं. वीज तर तार सोडणाऱ्या माणसालाही मारते. पाण्यात विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणं १८९७ सालच्या मत्स्यव्यवसाय कायद्यानंच गुन्हा ठरवलं. सव्वाशे वर्षं झाली, तरी कुठं ना कुठं हे चालतंच. कुणी ‘चल, पाच मिनिटांत पोतंभर मासे’ म्हणालं तर तुम्ही जाऊ नका, आणि घरी सांगा.

दुसरी गोष्ट चढणीच्या माशांची. पहिला पाऊस पडला, नाले वाहू लागले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ते अंडी घालायला निघालेले असतात. एक किलोच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असू शकतात. ती मादी पकडली तर गणित तुम्हीच करा! समुद्रावर याच कारणासाठी महाराष्ट्रात १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आपण आपल्या नाल्यावरही जून-जुलैत गळ गुंडाळून ठेवायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट मापाची. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं समुद्री माशांची कमीत कमी मापं ठरवून दिली. पापलेटसाठी ते माप १३५ मिलिमीटर. कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी काढून बघा, दीड सेंटिमीटर कमी. यापेक्षा छोटं पिल्लू पकडायचं नाही. रोहू-कटला तर खूप मोठे होतात. पट्टीएवढा रोहू म्हणजे अजून बालवाडीतलाच! आधी हात ओले करा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघणार नाही, आणि अलगद सोडून द्या.

अमलनाला किंवा पकडीगुड्डमसारख्या धरणांवर मासेमारीचे हक्क ठेक्यानं दिलेले असू शकतात. ढिवर-भोई बांधवांचं पोट त्यावर चालतं. तिथं विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. आणि सगळ्यात वरचा नियम: पाण्यावर एकट्यानं जायचं नाही. पोहता येणारं मोठं माणूस बरोबर हवंच. डोहाची खोली वरून कळत नाही, आणि धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते.

पाण्यातून ताटात

ठेवायचा ठरवलेला मासा तडफडत ठेवू नये. मोठ्या माणसानं डोक्यावर एक जोराचा घाव घालून त्याला लगेच शांत करावं. ही दया तर आहेच, शिवाय तडफडून मेलेला मासा लवकर खराब होतो. मग सावली आणि बर्फ. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. अशा उन्हात मासा काही तासांत नासतो. बांगडा, सुरमईसारखे समुद्री मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

ताजा मासा ओळखायचा कसा? डोळे चकचकीत, कल्ले लाल, आणि बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून येतो.

साफ करायचं काम मोठ्यांचं, शेजारी बसून शिकायचं काम तुमचं. खवले शेपटीकडून डोक्याकडं काढायचे. पोट उघडून आतडी आणि कल्ले काढायचे. पित्ताची हिरवट पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळा मासा कडू. काही जण औषध म्हणून हे पित्त कच्चं गिळतात. असं कधीही करू नका! रोहू-कटल्याच्या पित्तानं माणसाची मूत्रपिंडं आणि यकृत बिघडतं. निघालेली घाण नदीत टाकायची नाही, खतखड्ड्यात पुरायची.

नदीच्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो तोही यातलाच! आंबटपणानं जिओस्मिन मोडतं. म्हणून आजी तुकड्यांना मीठ-हळद लावून चिंचेच्या कोळात ठेवते आणि रश्शातही चिंच घालते. रसायनशास्त्र तिच्या हातातच आहे. रोहूत बारीक काटे फार. तुकड्यांना जवळजवळ तिरपे काप देऊन खरपूस तळले की बारीक काटे कुरकुरीत होतात. लहानग्यांसाठी मरळ बरा, त्यात काटे कमी. जवसाच्या तेलातला झणझणीत रस्सा, गरम भात, आणि समोर आपण स्वतः पारखून ठेवलेला एक मासा. बास, तेवढा पुरतो.

करून बघा

येत्या बाजाराच्या दिवशी आईबाबांबरोबर मासे विकणाऱ्या मावशींकडं जा. तीन मासे बघा, त्यांची तोंडं वहीत काढा आणि कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात खातो ते लिहा. मग मावशींना विचारा, ‘तुमच्या लहानपणी या नदीत कोणते मासे मिळायचे, जे आता दिसत नाहीत?’ जी नावं कळतील ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ते पान आपल्याला फार वाढू द्यायचं नाही.